उभ्या इमारतींची कसोटी

इमारत उभी आहे त्या अर्थी ती भक्कम आहे, अशी एक भाबडी समजूत आपल्या मनात घर करून बसलेली असते. जिने चाळीस पावसाळे काढले ती आणखी वीस सहज काढील, असे म्हणून आपण गिलाव्याच्या भेगांवर रंगाचा हात फिरवतो आणि निर्धास्त होतो. परंतु पावसाळे काढणे निराळे आणि धरणीचा हादरा सोसणे निराळे. इमारत आपले आणि आपल्या रहिवाशांचे ओझे जन्मभर सरळ खाली पायाकडे पोचवीत असते. त्या कामाची तिला सवय झालेली असते. भूकंप तिला आडवे ओढतो. ही ओढ सोसण्याची शक्ती तिच्या अंगी आहे की नाही, हे वर्षानुवर्षांच्या उभे राहण्याने सिद्ध होत नाही. ते तपासावे लागते. आणि तपासावयाचे तर कशाच्या आधारे तपासावयाचे, हे आधी ठरवावे लागते. आपल्या मोठ्या शहरांतील जुन्या व मोठ्या इमारतींबाबत नेमके हेच अद्याप ठरलेले नाही.

तपासणीचे कायदे आपल्याकडे नाहीत असे नव्हे. मुंबई महानगरपालिकेच्या कायद्यातील ३५३-ब या कलमान्वये तीस वर्षांहून जुन्या इमारतीची संरचना अभियंत्याकडून पाहणी करून स्थैर्याचा दाखला सादर करणे बंधनकारक आहे. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनीही पंधरा ते तीस वर्षे वयाच्या इमारतीचे पाच वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे तीन वर्षांतून एकदा ‘स्ट्रक्चरल ऑडिट’ सांगितले आहे. ही तरतूद स्वागतार्हच आहे. पण या तपासणीचा सारा रोख बहुधा गंजलेल्या सळया, गळती, सुटलेले सज्जे आणि काँक्रीटची झीज यांवर असतो. इमारत आज आपल्या भाराने कोसळेल काय, एवढाच प्रश्न तिला विचारला जातो. उद्या जमीन हादरली तर ती टिकेल काय, हा दुसरा प्रश्न विचारण्याची सक्ती नाही. ज्या परीक्षेत अर्धाच अभ्यासक्रम तपासला जातो, तिच्या प्रमाणपत्रावर विसंबून राहणे कितपत शहाणपणाचे, याचा विचार सुज्ञ वाचकांनीच करावा.

महाराष्ट्राला भूकंपाचे भय ते काय, असे कोणी म्हणेल. दख्खनचे पठार म्हणजे अचल कातळ, ही कल्पना एके काळी जाणत्यांतही रूढ होती. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनेच्या खोऱ्यात रिश्टर मापनाने सहाहून अधिक प्रतीचा भूकंप झाला. सुमारे १८० माणसे दगावली, कोयनानगरची वस्ती उद्ध्वस्त झाली, आणि त्याबरोबरच ही कल्पनाही कोसळावयास हवी होती. ती कोसळली नाही. ३० सप्टेंबर १९९३ रोजी, गणेशविसर्जनाची रात्र सरत असताना, किल्लारी आणि आसपासची गावे झोपेतच मातीखाली गाडली गेली; सुमारे आठ हजार जीव गेले. त्या वेळच्या अधिकृत नकाशात हा प्रदेश भूकंपाच्या दृष्टीने सर्वांत कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या विभागात होता. भारतीय मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत तो पहिला विभागच रद्द झाला आणि किल्लारीचा परिसर तिसऱ्या विभागात आला. मुंबई आणि पुणे ही शहरेही त्या आवृत्तीच्या नकाशात तिसऱ्याच विभागात दाखविली गेली. नकाशा शहाणा झाला, पण आठ हजार माणसे गेल्यावर!

मोठ्या शहराला मात्र खरा धडा २६ जानेवारी २००१ च्या सकाळने दिला. भूकंपाचे केंद्र कच्छमध्ये, भूजच्या परिसरात होते. अहमदाबाद तेथून दोनशे किलोमीटरहून अधिक दूर. तरीही त्या शहरात अनेक बहुमजली इमारती जमीनदोस्त झाल्या आणि शेकडो माणसे मृत्युमुखी पडली. त्या इमारती पडक्या नव्हत्या. कित्येक तर अगदी अलीकडच्या होत्या. मग त्या पडल्या का? अभियंत्यांनी सांगितलेली कारणे सामान्य माणसालाही समजण्यासारखी आहेत. वाहने उभी करण्यासाठी तळमजला मोकळा सोडलेला. वरच्या मजल्यांवर विटांच्या भिंती, खाली नुसते खांब. हादरा बसला की वरचा भाग एखाद्या जड पेटीसारखा एकसंध हलतो आणि सारी ओढ तळच्या खांबांवर येते. त्या खांबांत सळ्यांना वेढणाऱ्या रिंगा विरळ, आणि त्यांची टोके आतल्या काँक्रीटमध्ये नीट वळवून रुतविलेली नाहीत. अशा स्थितीत खांब फुटतो, सळ्या बाहेर वाकतात आणि वरचे मजले खाली बसतात. त्यातच नदीकाठच्या गाळाच्या मऊ जमिनीने हादरे वाढविले. मुंबईचा मोठा भाग भरावाच्या जमिनीवर उभा आहे, आणि खांबांवर उभारलेल्या, तळमजला मोकळा असलेल्या इमारती मुंबईत, ठाण्यात, पुण्यात गल्लोगल्ली आहेत, हे वेगळे सांगावयास नको.

रिंगा कशा व किती घालाव्यात, याचे भारतीय मानक १९९३ सालीच निघाले होते. परंतु त्याकडे गंभीरपणे पाहिले गेले ते भूजनंतर. म्हणजे त्यापूर्वी बांधलेल्या बहुसंख्य काँक्रीट इमारती या ज्ञानावाचूनच उभ्या आहेत. नवी इमारत नव्या नियमाने बांधा, असे सांगणे सोपे आहे, कारण नियम मोडला तर परवानगी अडविता येते. उभ्या इमारतीचे काय? तिच्याबाबतीतही आपल्याकडे ज्ञानाची वाण नाही. अस्तित्वात असलेल्या काँक्रीट इमारतींचे भूकंपाच्या दृष्टीने मूल्यमापन व सबलीकरण कसे करावे, याचे भारतीय मानक २०१३ साली प्रसिद्ध झाले. राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने २०१४ साली त्याच विषयावर मार्गदर्शक सूत्रे दिली. पण मार्गदर्शन म्हणजे आज्ञा नव्हे. कोणती इमारत, कोणत्या मुदतीत, कोणत्या पातळीपर्यंत मजबूत झालीच पाहिजे, हे कायद्याने सांगितल्याखेरीज ही पुस्तके कपाटाची शोभा वाढविण्यापलीकडे काही करू शकणार नाहीत.

अन्य देशांनी हा प्रश्न कसा हाताळला, ते पाहणे उद्बोधक ठरेल. जपानने १९८१ साली बांधकामाचे नवे नियम केले. १९९५ च्या कोबेच्या भूकंपात सहा हजारांवर माणसे गेली आणि जुन्या नियमांच्या इमारतींचीच वाताहत अधिक झाल्याचे दिसून आले. त्याच वर्षी त्या देशाने जुन्या इमारतींच्या सबलीकरणाला चालना देणारा कायदा केला. आणि २०१३ साली मोठी रुग्णालये, हॉटेले, दुकाने अशा जुन्या इमारतींची तपासणी सक्तीची करून तिचे निष्कर्ष जनतेसमोर मांडण्याचीही व्यवस्था केली. अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहराने २०१५ साली तळमजला दुबळा असलेल्या लाकडी बांधणीच्या सुमारे साडेतेरा हजार इमारतींच्या मालकांना काम पुरे करण्यास सात वर्षे दिली. जुन्या ठिसूळ काँक्रीट इमारतींना मात्र पंचवीस वर्षांची मुदत दिली. खर्चाचा भार मालकाने आणि भाडेकरूने निम्मानिम्मा उचलावा, परंतु भाडेकरूवर महिन्याला ३८ डॉलरहून अधिक बोजा पडू नये, असेही त्या शहराने ठरवून दिले.

न्यूझीलंडचा अनुभव तर दोन्ही बाजूंनी शिकविणारा आहे. २०११ साली क्राइस्टचर्चच्या भूकंपात १८५ माणसे मेली, त्यांतील ११५ एकाच कार्यालयीन इमारतीत. पुढे त्या देशाने असा दंडक घातला की, नव्या इमारतीकडून अपेक्षित असलेल्या शक्तीच्या ३४ टक्केही शक्ती जिच्या अंगी नाही, ती इमारत भूकंपप्रवण समजावी. तशी सूचना तिच्यावर लावावी. आणि प्रदेशातील धोक्यानुसार पंधरा, पंचवीस वा पस्तीस वर्षांत ती सुधारावी किंवा पाडावी. हेतू उदात्त होता, परंतु खर्चाचे ओझे मालकांना पेलेना. अखेर २०२५ साली तेथील सरकारने ही टक्केवारीची फूटपट्टी बाजूला ठेवून खरोखर जीवघेण्या ठरतील अशाच इमारतींवर लक्ष केंद्रित करण्याचा निर्णय जाहीर केला. यातून घ्यावयाचा बोध ‘नियमच नको’ असा नव्हे. झेपेल एवढाच नियम करावा, पण केला तो पाळावा, हा तो बोध होय. आवाक्याबाहेरचे मानक कागदावर राहते आणि लोकांना मात्र सुरक्षिततेचा खोटा दिलासा देते.

उभे बांधकाम मजबूत करणे आपल्याला जमणार नाही, असे म्हणणाऱ्यांनी कोयनेकडे पाहावे. १९६७ च्या हादऱ्याने शंभर मीटरहून उंच असलेल्या त्या धरणाच्या भिंतीला तडे गेले होते. धरण पाडले नाही. तडे बुजविले, मागील बाजूने काँक्रीटचा आधार दिला, आणि ते धरण आजही महाराष्ट्राला वीज देत आहे. किल्लारीनंतर तर शासनाच्या साहाय्याने दोन लाखांच्या आसपास घरांची दुरुस्ती व सबलीकरण झाले, आणि त्यात घरमालकांनी स्वतः पुढाकार घेतला. जे खेड्यातील शेतकऱ्याने मातीच्या घराचे केले, ते शहरातील सुशिक्षितांना आपल्या सात मजल्यांच्या इमारतीचे करता येऊ नये काय? खांबांना काँक्रीटचे वा पोलादाचे वेष्टन घालणे, मोकळ्या तळमजल्यात योग्य जागी काँक्रीटच्या भिंती किंवा पोलादी तिरपे आधार बसविणे, ही कामे आपल्या अभियंत्यांना अपरिचित नाहीत.

खरी अडचण तंत्राची नसून पैशाची आणि विश्वासाची आहे. जुन्या इमारतीतील पागडीच्या भाडेकरूला ‘तपासणी’ या शब्दाचीच धास्ती वाटते. धोकादायक इमारतीचा दाखला म्हणजे आपल्याला हुसकावण्याची नोटीस, असे तो समजतो, आणि त्याची भीती सर्वस्वी निराधार आहे असे म्हणवत नाही. दुसरीकडे, पुनर्विकास होईल तेव्हा सारे ठीक होईल, अशी आशा गृहनिर्माण संस्था बाळगून असतात. पण विकासक येतो तो जेथे जागेला भाव आणि चटईक्षेत्राला वाव आहे तेथे. सार्वजनिक रुग्णालयाला, महापालिकेच्या शाळेला, अग्निशमन केंद्राला कोणता विकासक वाली मिळणार? भूजचे शासकीय रुग्णालय त्या सकाळी रुग्णांसह कोसळले. ज्या क्षणी शहराला रुग्णालयाची सर्वाधिक गरज होती, त्याच क्षणी ते नाहीसे झाले. पुढे त्याच गावी हादरे शोषणाऱ्या आधारांवर नवे रुग्णालय उभे राहिले, ही गोष्ट स्तुत्य खरी. पण ती तहान लागल्यावर खणलेली विहीर होती.

आमच्या मते मानक ठरविताना सर्व इमारतींना एकाच मापाने मोजू नये. रुग्णालये, अग्निशमन केंद्रे, पाणीपुरवठा व नियंत्रणकक्ष यांनी भूकंपानंतरही काम करीत राहिले पाहिजे, ही पहिली पायरी. शाळा, महाविद्यालये, नाट्यगृहे, स्थानके येथून माणसे जिवंत बाहेर पडली पाहिजेत, ही दुसरी. मोकळ्या तळमजल्याच्या जुन्या निवासी इमारती निदान कोसळता कामा नयेत, ही तिसरी. या तिसऱ्या वर्गाला नव्या इमारतीएवढे सामर्थ्य मागू नये; २०१३ च्या भारतीय मानकानेही जुन्या इमारतीसाठी काहीशी सवलत दिलेलीच आहे. प्रत्येक वर्गास स्वतंत्र मुदत असावी, आणि सरकारने सुरुवात स्वतःच्या इमारतींपासून करावी. जो दंडक स्वतःच्या रुग्णालयाला लावता येत नाही, तो नागरिकाच्या घराला लावण्याचा अधिकार सरकारला कसा पोचतो?

याच्या जोडीला तीन गोष्टी अवश्य हव्यात. स्ट्रक्चरल ऑडिटच्या नमुन्यात भूकंपाचा प्रश्न समाविष्ट करावा आणि त्याचे उत्तर रहिवाशांना त्यांच्या भाषेत मिळावे. सबलीकरणासाठी अल्प व्याजाचे कर्ज व मालमत्ता करात सूट द्यावी. आणि काम चालू असताना घर सोडावे लागलेल्या भाडेकरूचा परतीचा हक्क कायद्याने निःसंदिग्धपणे राखावा. हा हक्क राखला गेला, तर तपासणीला विरोध करणारेच तिची मागणी करतील.

भूकंप केव्हा होईल, हे आजचे शास्त्र सांगू शकत नाही. कोणती इमारत पडेल, हे बऱ्याच अंशी सांगू शकते. जे सांगता येत नाही त्याची चिंता करीत बसावयाचे आणि जे सांगता येते ते ऐकावयाचे नाही, असा हा उलटा न्याय आहे. कोयना, किल्लारी आणि भूज यांनी प्रत्येक वेळी मृतांच्या संख्येने आपल्याला नियम शिकविले. पुढचा नियम तरी त्या किमतीवाचून शिकण्याचा निश्चय राज्य शासनाने आणि महापालिकांनी आताच करावा.