नॉन-मूव्हिंगचा रॅक

“काका, मी म्हाळुंग्यात पोचलोय. स्टेडियमच्या मागं उभा आहे. तुमची गल्ली कुठली?”

पार्सल उचलायला येणाऱ्या पोराचा असा फोन आला की समजावं, आजचं पिकअप बोंबललं. तो बालेवाडीजवळच्या म्हाळुंग्यात आणि मी चाकण-तळेगाव रस्त्यावरच्या महाळुंगे इंगळेत. मधे सबंध पिंपरी-चिंचवड. त्याची चूक नाही. जुनी पुस्तकं विकायला बसेपर्यंत पत्त्यात ‘तालुका खेड’ ठळक लिहायची मलाही कधी गरज पडली नव्हती.

पुस्तकं विकणं हा माझा धंदा नव्हे. मी स्टोअर्सचा माणूस. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यांत, आधी भोसरीत आणि मग इथे, मालाच्या आवक-जावकीची बिन कार्डं भरण्यात नोकरी सरली. स्टोअर्समध्ये मालाच्या तीन जाती असतात: फास्ट मूव्हिंग, स्लो मूव्हिंग, नॉन-मूव्हिंग. पहिली दाराशी, दुसरी आत, तिसरी वरच्या रॅकवर, जिथे शिडी लावल्याशिवाय हात पोचत नाही. दर मार्चला ऑडिटर येणार, मान वर करणार आणि विचारणार, “हे अजून का ठेवलंय?” उत्तर ठरलेलं असायचं. बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट आहे साहेब, पण गाड्या अजून रस्त्यावर आहेत. वर्षातून एकदा कुठूनतरी मागणी येते आणि ज्याची येते त्याची गाडी त्या एका पार्टावाचून उभी असते.

२०२४ च्या दिवाळीत बायकोच्या मामांची सदाशिव पेठेतली इमारत पुनर्विकासाला गेली. पुण्यात हल्ली जुनी पुस्तकं बाजारात येतात ती बहुतेक अशीच. माणूस वारला म्हणून कमी, इमारत पडणार म्हणून जास्त. मामा तंत्रनिकेतनात शिकवायचे. दोन वर्षं भाड्याच्या घरात राहायचं तर पुस्तकं कुठे न्यायची? रद्दीवाला किलोवर बोलायला लागल्यावर मामा आतल्या खोलीत निघून गेले. मी म्हटलं, माझ्याकडे पाठवा. दोन ‘छोटे हत्ती’ भरून पुस्तकं महाळुंग्यात आली. मोजली, ६४० भरली.

आमच्या घराच्या खाली दोन खोल्या आहेत. इथे प्रत्येकाच्याच घराखाली असतात. कंपन्यांतली पोरं भाड्याने राहतात. त्यातली एक रिकामी होती. भंगारातून स्लॉटेड अँगलचे रॅक आणले, निर्यातीच्या खोक्यांतून उरणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या कसर लागू नये म्हणून मधे मधे खोचल्या. बायको दारात उभं राहून म्हणाली, “अहो, ही खोली साडेचार हजाराला जाते.” पुढच्या सगळ्या विचाराचा पाया तिने त्या वाक्यात घातला. थांबणं फुकट नसतं.

पहिली चाळणी सोपी होती. १३७ पुस्तकं सरळ बाद. पदविका अभियांत्रिकीची पाठ्यपुस्तकं ‘आय स्कीम’ची, आणि २०२३-२४ पासून ‘के स्कीम’चा नवा अभ्यासक्रम आलेला. त्यांतल्या कितीतरींवर ‘नमुना प्रत, विक्रीसाठी नाही’ असा शिक्का. ती विकायची नव्हतीच. खाली राहणाऱ्या पोरांनी पाचसात घेतली, बाकी रद्दीत. ९२ पुस्तकं दोन-तीन महिन्यांत गेली. लोकप्रिय कादंबऱ्या, पुलं, स्वयंपाकाची पुस्तकं. ‘छावा’ मी मुद्दाम राखून ठेवली होती. २०२५ च्या फेब्रुवारीत चित्रपट आल्यावर सकाळी फोटो टाकला, दुपारी गेली. अशा मालाला जागा निवडायची नसते. कुठेही ठेवा, उचलला जातो.

उरली ४११. जुने शब्दकोश, संमेलनांच्या स्मरणिका, सहकारी संस्थांचे गौरवग्रंथ, नागपूरच्या विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळाची मराठीतली विज्ञानाची पुस्तकं, कणा सुटलेले दिवाळी अंक. माझा नॉन-मूव्हिंगचा रॅक.

सुरुवात साहजिकच एका मोठ्या संकेतस्थळावर केली. जिथे सगळा देश खरेदी करतो तिथे माझंही गिऱ्हाईक असणार, असा हिशेब. छापील पुस्तकांवर जीएसटी नाही, त्यामुळे फक्त पुस्तकंच विकणाऱ्याला त्या नोंदणीचं लचांडही नव्हतं. पण पहिल्याच पानावर त्याने आयएसबीएन मागितला. आता, या क्रमांकाचं आंतरराष्ट्रीय मानकच १९७० चं. आपल्या प्रकाशकांच्या पुस्तकांवर तो सर्रास दिसायला आणखी बरीच वर्षं लागली. माझ्या रॅकवरच्या तीनशेहून जास्त पुस्तकांना तो नव्हताच. पार्ट नंबर नसलेला माल. नंबर नसेल तर नवी नोंद करा, त्यासाठी परवानगी घ्या, त्यासाठी मुखपृष्ठाचा पांढऱ्या पार्श्वभूमीवरचा फोटो द्या. मामांच्या पुस्तकांची मुखपृष्ठं निम्मी तपकिरी पुठ्ठ्याची.

मग छापील किंमत. ती लिहायलाच हवी आणि विक्रीची किंमत तिच्या वर चालणार नाही. १९७४ चं पुस्तक, छापील किंमत नऊ रुपये. नऊ रुपयांत ते घरातून उंबऱ्यापर्यंतही जात नाही.

ज्यांना क्रमांक होता त्यांची वेगळी कथा. एकाच पुस्तकाचे चार विक्रेते असले की सगळ्यात स्वस्त तो वर. मग प्रत्येक जण रुपया-रुपयाने खाली. दीडशे रुपयांना विकलेल्या एका कादंबरीतून कमिशन, ठरीव आकार, वजनाचा आकार, सगळं वजा जाऊन हाती सत्तावीस रुपये आले. त्यात माझा खोका आणि चिकटपट्टी. उलट ज्याचा दुसरा विक्रेता नाही अशा पुस्तकांवर कुठल्यातरी सॉफ्टवेअरने २,९९९ अशा किमती टाकलेल्या दिसायच्या. असं पुस्तक मी कधी विकलं गेलेलं पाहिलं नाही, पण ते पाहून मामांना मात्र आपण लखपती आहोत असं दोन दिवस वाटत होतं.

माझी स्वतःची चूक याच काळातली. एक पुस्तक चार ठिकाणी टाकलं होतं. एकीकडे विकलं, दुसरीकडून काढायला विसरलो. सहा महिन्यांनी तिथे ऑर्डर आली. रद्द करावी लागली आणि विक्रेता म्हणून माझ्या नावापुढे लाल रेघ लागली. स्टोअर्सच्या माणसाने इश्यू न लिहिता माल द्यावा, यासारखी नामुष्की नाही. मंद मालात हा धोका मोठा. रोज हलणाऱ्या वस्तूवर रोज नजर जाते. सहा महिने न हललेली वस्तू आहे की नाही हे कार्डाशिवाय कळत नाही. त्याच दिवशी प्रत्येक पुस्तकाला रॅक, खण आणि क्रमांक दिला. ‘ब-३-१७’ म्हटलं की अंधारातही हात जातो.

दुसरा प्रयोग वर्गीकृत जाहिरातींच्या ॲपचा. तिथे कमिशन नाही, माणूस येऊन घेऊन जातो. येणारे संदेश मात्र तीनच प्रकारचे: “उपलब्ध आहे का”, “लास्ट प्राइस”, आणि “सगळी घेतो, किलोचा भाव सांगा”. चौथा प्रकार एकदाच आला. सैन्यात असल्याचं सांगणारा गृहस्थ म्हणाला, पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घेण्यासाठी स्कॅन करावं लागत नाही, एवढं खालच्या पोरांनी आधीच शिकवून ठेवलं होतं.

पण या ॲपने एक गोष्ट दाखवली. मामांकडे एचएमटीचं ‘प्रॉडक्शन टेक्नॉलॉजी’ होतं, कोइमतूरच्या पीएसजी कॉलेजचं ‘डिझाइन डेटा’ होतं, वर्कशॉपची जुनी हँडबुकं होती. पुण्यात पेठेत त्यांना कुत्रं विचारत नव्हतं. इथे निघोजे, महाळुंगे, कुरुळी या टापूत शेकडो टूलरूम. सेकंड शिफ्ट सुटल्यावर रात्री पावणेबाराला दोघं मोटारसायकलवरून आले, हाताला अजून कूलंटचा वास, आणि डेटा बुक उभ्याउभ्या चाळून घेऊन गेले. जे मी नॉन-मूव्हिंगमध्ये टाकलं होतं ते इथलं फास्ट मूव्हिंग निघालं. त्या जातीची एकवीस पुस्तकं मग एका टूलरूमवाल्यांच्या व्हॉट्सॲप गटातच संपली. एकही टपालात पडलं नाही.

बाकीच्यांचं गिऱ्हाईक मात्र इथे नव्हतं. ते कुठे असेल, याचाही अंदाज नव्हता.

परदेशी बाजार तपासला. एबबुक्स हे जुन्या पुस्तकांचं संकेतस्थळ कॅनडातल्या व्हिक्टोरियात १९९६ मध्ये सुरू झालं, २००८ मध्ये ॲमेझॉनने विकत घेतलं. तिथे क्रमांक नसलेलं पुस्तकही व्यवस्थित वर्णन करून मांडता येतं. आवृत्ती, बांधणी, डाग, सगळ्याला रकाने. पाहून जीव हरखला. पण विक्रेत्याला महिन्याची वर्गणी. माल हलो न हलो, भाडं चालू. आमच्या खोलीचंच दुखणं. हजारो पुस्तकं असणाऱ्याला ते परवडतं, माझ्या चारशेला नाही. तिथे एक गोष्ट माझ्या डोक्यात पक्की झाली. मंद मालासाठी जागा पाहताना तिथे किती लोक येतात हा प्रश्न दुसरा. विकलं गेल्यावर पैसे घेणारी जागा आहे की थांबण्याचे पैसे घेणारी, हा पहिला.

आणि तिसराही आहे. जागा स्वतः किती टिकेल? २००४ मध्ये ईबेने आपल्याकडचं बाझी हे खरेदी-विक्रीचं संकेतस्थळ घेतलं, ते ईबे इंडिया झालं आणि २०१८ च्या ऑगस्टमध्ये बंद पडलं. नॉन-मूव्हिंग माल पुष्कळदा दुकानापेक्षा जास्त जगतो. म्हणून मूळ यादी आपल्याकडे हवी. संकेतस्थळं म्हणजे त्या यादीच्या नकला.

शेवटी केलं ते असं. एक गुगल शीट, सर्वांना पाहण्यासाठी खुली. नाव देवनागरीत आणि रोमन लिपीत दोन-तीन तऱ्हांनी, कारण ‘ज्ञान’ कोणी ‘जे’ने शोधतं तर कोणी ‘डी’ने. तीच यादी व्हॉट्सॲप बिझनेसच्या कॅटलॉगमध्ये. आणि फेसबुकवरच्या जुन्या मराठी पुस्तकांच्या तीन गटांत दर रविवारी दहा पुस्तकं, फक्त दहा. चाळीस टाकली की कोणी बघत नाही. पैसे आधी यूपीआयने, पुस्तक मग. दोष आधी दाखवायचे: वाचनालयाचा शिक्का, कसरीची भोकं, ‘चि. सौ. कां.ला सप्रेम भेट’, सगळ्याचे फोटो.

टपालाने मात्र सुरुवातीलाच पाय ओढला होता. माझा सगळा हिशेब रजिस्टर्ड बुक पोस्टवर मांडलेला आणि २०२४ च्या डिसेंबरात ती सेवाच बंद झाली. चार महिने कुरिअरचे दर पाहून मी पार्सलं पाठवलीच नाहीत. मग १ मे २०२५ पासून ‘ज्ञान पोस्ट’ आलं: ३०० ग्रॅमपर्यंत वीस रुपये, पाच किलोला शंभर, कर वेगळा, माग काढता येतो, जातं जमिनीवरून. मंद माल मंद वाहनाने जायला कोणाची हरकत नव्हती. अडीचशे पानांची कादंबरी तीनशे ग्रॅमच्या आसपास भरते. त्यामुळे पुठ्ठा किती घालायचा आणि कोपरे वाचतील की नाही, यावर स्वयंपाकघरातल्या काट्यासमोर माझी रोजची खलबतं सुरू झाली. बायको म्हणते, पूर्वी केशरसुद्धा इतकं जपून मोजलं नव्हतं.

वर्षात त्या मार्गाने ११८ पुस्तकं गेली. सत्तरेक गिऱ्हाइकं, कुडाळपासून गोंदियापर्यंत. खोलीचं भाडं निघालं का? नाही. पुस्तकं जिन्याखाली आणि माळ्यावर हलवली. खोलीत आता फोर्जिंग शॉपमधली दोन पोरं राहतात. रॅक तेवढे गेले नाहीत, त्यांच्यावर ती कपडे वाळत घालतात.

गेल्या महिन्यात एका बाईंचा नागपूरहून निरोप आला. भाषांतराचं काम करतात. भाषा संचालनालयाचा यंत्र अभियांत्रिकीचा परिभाषा कोश हवा होता, जिन्याखाली, क-१-०४. वर्षभर कोणी विचारलं नव्हतं. किंमत मी अडीचशे लावली होती. मला राहवेना, म्हणून सांगितलं की शासनाचे कोश आता ऑनलाइन फुकट पाहता येतात. त्या म्हणाल्या, “रोज तिथेच बघते. मला तुम्ही दोष म्हणून टाकलेला तिसरा फोटो हवाय.”

फोटो पुन्हा काढून पाहिला. पान भरून मामांच्या पेन्सिलीच्या खुणा. छापलेल्या कातयंत्राशेजारी ‘लेथ. पोरं लेथच म्हणतात’, दंतचक्राशेजारी फुली, आणखी कुठे भोसरीच्या शॉप फ्लोअरवरचा शब्द. मी त्याखाली लिहिलं होतं: ‘पेन्सिलच्या खुणा, किंमत कमी होईल’.

मामांना फोन केला. त्यांनी आधी विचारलं, “खोडलं नाहीस ना?” मग म्हणाले, दे.

दुसऱ्या दिवशी चाकणच्या पोस्टात पाकीट नेलं. काउंटरवरच्या बाईंनी विचारलं, आत काय आहे, प्रकाशक कोण. ज्ञान पोस्टला पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव लागतं. शीर्षकपृष्ठाचा तो कोपरा कसरीने खाल्लेला. मी पाकीट उघडून शेवटचं पान दाखवलं, तिथे खाली शासकीय मुद्रणालयाचं नाव शाबूत होतं. मागचे दोघे रांगेत कुरकुरले. “सरकारी पुस्तक?” म्हणत बाईंनी दोन पानं उलटली, पेन्सिलीची अक्षरं डोळे बारीक करून वाचली, आणि पाकीट काट्यावर ठेवलं.