परदेशात घात झाला, तर दाद कोणाकडे मागायची?

गुन्हेगार सरहद्द ओलांडून पळाला, तर त्याच्या शोधासाठी दोन देशांचे पोलीस कामाला लागतात. पण ज्याच्यावर गुन्हा घडला तोच सरहद्दीपलीकडचा असेल, तर? पर्यटक, विद्यार्थी, नोकरीसाठी गेलेला कामगार किंवा लग्न होऊन गेलेली मुलगी. यांचा वाली कोण?

२६ फेब्रुवारी १९९८. अजमेरच्या दर्ग्याला निघालेली एक बांगलादेशी महिला दुपारी हावडा स्टेशनवर आली. जोधपूर एक्स्प्रेस रात्री सुटणार होती आणि तिचं तिकीट वेटिंग लिस्टवर होतं. ती बायकांच्या प्रतीक्षागृहात बसून राहिली. तिकीट कन्फर्म करून देतो म्हणत काही माणसं पुढे आली. त्यांनी विश्वास संपादन केला आणि तिला रेल्वेच्याच यात्री निवासातल्या खोलीवर नेलं. तिथे तिच्यावर सामूहिक बलात्कार झाला. आरोपींमध्ये रेल्वेचे कर्मचारीही होते.

या महिलेसाठी कोलकाता उच्च न्यायालयात धाव घेतली ती चंद्रिमा दास या तिथल्याच एका वकील महिलेने. उच्च न्यायालयाने रेल्वेला १० लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. रेल्वे सर्वोच्च न्यायालयात गेली. तिचं म्हणणं दोन मुद्द्यांचं होतं. एक, कर्मचाऱ्यांनी केलेलं कृत्य त्यांच्या कामाचा भाग नव्हतं, मग रेल्वे जबाबदार कशी? दुसरा मुद्दा जास्त मोलाचा होता. ही बाई भारताची नागरिकच नाही. मग भारताच्या राज्यघटनेखाली तिला भरपाई कशी मिळेल?

नागरिक की व्यक्ती?

सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २००० रोजी रेल्वेचं अपील फेटाळलं. घटनेतले काही हक्क फक्त नागरिकांना आहेत हे खरं. भाषणस्वातंत्र्य हा त्यातला एक. पण जीविताचा हक्क देणाऱ्या २१व्या अनुच्छेदात 'नागरिक' हा शब्द नाही, 'व्यक्ती' हा शब्द आहे. पर्यटक म्हणून येवो वा आणखी कशासाठी, माणूस या भूमीवर आहे तोवर त्याच्या जीविताचं आणि अब्रूचं रक्षण करणं हे इथल्या शासनाचं काम आहे. भरपाईची रक्कम बांगलादेशाच्या उच्चायुक्तांकडे सोपवावी आणि त्यांनी ती पीडितेला द्यावी, असा मार्ग न्यायालयाने आखून दिला. म्हणजे बाई मायदेशी परतली तरी पैसा तिच्यापर्यंत पोहोचावा, याचीही सोय केली.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २९ नोव्हेंबर १९८५ रोजी गुन्ह्याच्या बळींसाठी एक जाहीरनामा मंजूर केला, त्याचा गाभाही हाच आहे. बळीला सन्मानाने वागवा, खटल्याची माहिती द्या, नुकसान भरून द्या, वैद्यकीय व मानसिक मदत द्या. आणि हे करताना राष्ट्रीयत्व पाहू नका. मात्र जाहीरनामा हा कायदा नव्हे. प्रत्येक देशाने तो आपापल्या परीने, कमी-अधिक पाळला.

पॅरिसमध्ये एका ब्रिटिश पर्यटकावर मेट्रो स्टेशनबाहेर हल्ला झाला. तो फ्रेंच नाही, म्हणून त्याला भरपाई नाकारण्यात आली. १९८९ मध्ये युरोपीय न्यायालयाने हा भेदभाव बेकायदा ठरवला. पुढे २००४ मध्ये युरोपीय संघाने नियमच केला, की दुसऱ्या सदस्य देशात हिंसक गुन्ह्याला बळी पडलेल्या माणसाने भरपाईचा अर्ज आपल्या घरच्या देशातल्या कार्यालयात द्यावा; तो पुढे पाठवण्याचं काम सरकारांचं.

भारतीय माणसाला ही युरोपातली सोय नाही. त्याला त्या-त्या देशाचा कायदा पाहावा लागतो आणि तो सारखा नसतो. अमेरिकेत राज्याराज्यांच्या भरपाई योजना आहेत. केंद्राच्या १९८४ च्या कायद्यानुसार निधी हवा असेल, तर बाहेरून आलेल्यांनाही रहिवाशांचेच निकष लावावे लागतात. ब्रिटनमध्ये मात्र राष्ट्रीयत्व व रहिवासाच्या अटी आहेत आणि अर्जाची मुदत साधारणपणे दोनच वर्षांची. महिनाभराच्या सहलीला गेलेला माणूस त्यात बसेलच असं नाही.

अमेरिकेने २०००च्या कायद्याने आणखी एक वाट काढली. गंभीर गुन्ह्याला बळी पडून तपासात पोलिसांना मदत करणाऱ्या परदेशी व्यक्तीला 'यू' व्हिसा मिळू शकतो. नवऱ्याच्या व्हिसावर राहणारी मारहाण सोसत गप्प बसते, कारण तक्रार केली तर देशाबाहेर काढतील ही भीती. तिच्यासाठी हा मोठा आधार. पण वर्षाला मुख्य अर्जदारांसाठी १०,००० व्हिसांची मर्यादा असल्याने रांग कित्येक वर्षांची आहे.

सासर परदेशात, माहेर इथे

परदेशी सासरी छळ झालेली मुलगी माहेरी परत येते, तेव्हा आईवडिलांना पहिला प्रश्न पडतो, इथल्या पोलिसांत तक्रार चालेल का? गुन्हा परदेशात घडला तरी तो करणारा भारतीय नागरिक असेल, तर इथे त्याच्यावर कारवाई होऊ शकते. पूर्वी हे फौजदारी प्रक्रिया संहितेच्या १८८ व्या कलमात होतं. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या २०८ व्या कलमात आहे. खटला चालवायला केंद्र सरकारची पूर्वपरवानगी लागते. पण बोट्स्वानात राहिलेल्या एका जोडप्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये स्पष्ट केलं, की तपासाच्या टप्प्यावर ही परवानगी लागत नाही. तेव्हा 'आधी दिल्लीहून कागद आणा' असं सांगून कोणी परत पाठवू लागलं, तर हा निकाल दाखवावा. २०१९ मध्ये याच न्यायालयाने आणखी एक दिलासा दिला. सासर सोडून जिथे आसरा घेतला, तिथेही विवाहिता छळाची तक्रार करू शकते. अनिवासी भारतीयांशी झालेल्या लग्नांतल्या तक्रारींसाठी राष्ट्रीय महिला आयोगातही २००९ पासून स्वतंत्र कक्ष आहे.

गुन्हेगार परदेशी असेल, तर मात्र गुन्हा घडला त्याच देशातल्या पोलिसांकडे जावं लागतं. इथेच बहुतेक प्रकरणं ढिली पडतात. व्हिसा संपतो, माणूस परततो, खटला दोन वर्षांनी उभा राहतो आणि साक्षीला जायला तिकिटाचे पैसे नसतात. यावरही उपाय आहे. मुंबईतल्या एका फौजदारी खटल्यात अमेरिकेतल्या डॉक्टरची साक्ष व्हिडिओ कॉन्फरन्सिंगने घ्यायला सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्ये मान्यता दिली. आता अशी साक्ष अनेक देशांत घेतली जाते. ती मागण्याचा अर्ज मात्र वेळेवर करावा लागतो.

वकिलात काय करते, काय करत नाही

भारतीय वकिलात तिथल्या पोलिसांचा तपास करत नाही, कोर्टात वकील म्हणून उभी राहत नाही. पण पासपोर्ट हिरावला गेला असेल तर परतीचे कागद देते, वकील व दुभाषी यांची माहिती देते, घरच्यांना कळवते. २००९ मध्ये सुरू झालेल्या भारतीय समुदाय कल्याण निधीतून गरजूंना तात्पुरता निवारा, तातडीचे उपचार, कायदेशीर मदत व परतीचं तिकीट यांसाठी साहाय्य मिळू शकतं. तक्रार नोंदवायला परराष्ट्र मंत्रालयाचं 'मदद' हे पोर्टल २०१५ पासून आहे.

आपल्याकडेही गुन्हेगार सापडला नाही म्हणून भरपाईचा मार्ग बंद होत नाही. बळी ठाऊक आहे पण गुन्हेगाराचा पत्ता नाही, अशा वेळी जिल्हा वा राज्य विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो. ही तरतूद २००९ पासून लागू झाली आणि नव्या संहितेत ती ३९६ व्या कलमात आहे. तिथेही बळीची व्याख्या 'व्यक्ती' अशीच आहे.

हे जपून ठेवा

परदेशात प्रसंग ओढवलाच, तर देश सोडण्यापूर्वी तिथल्या पोलिसांत तक्रार नोंदवा आणि तिची प्रत व क्रमांक घ्या. भाषा येत नसेल तर दुभाषी मागा. मजकूर समजल्याशिवाय सही करू नका. वैद्यकीय तपासणी लगेच करून घ्या. अहवाल, बिलं, फोटो, मोबाइलवरचे निरोप, काहीही टाकून देऊ नका. तपास अधिकाऱ्याचं नाव व पत्ता लिहून घ्या आणि निघताना आपला भारतातला पत्ता त्यांच्याकडे नोंदवा. भरपाई योजनेची मुदत तिथेच विचारा. पासपोर्ट आणि व्हिसाची एक प्रत निघण्यापूर्वीच घरच्यांकडे ठेवा.

परदेशी निघालेल्या मुलांच्या बॅगेत आपण लोणचं, औषधं, गरम कपडे आठवणीने भरतो. वकिलातीचा फोन नंबर लिहिलेला एक कागदही त्यात असू द्यावा. आणि त्याबरोबर एवढं सांगावं, की परक्या देशात आपण पाहुणे असलो तरी तिथे न्याय मागणं ही भीक नव्हे. तो माणूस म्हणून आपला हक्क आहे.