बिघाडाआधीची नोंद

लंडनच्या भुयारी रेल्वेतल्या बेकरलू लाइनचं उत्तरेकडचं शेवटचं स्टेशन हॅरो अँड वील्डस्टोन. इथे येणाऱ्या गाड्या १९७२च्या बनावटीच्या, ब्रिटनमध्ये अजून रोज धावणाऱ्या सर्वांत जुन्या गाड्यांपैकी. इतक्या जुन्या यंत्राचे सुटे भाग मागताक्षणी मिळत नाहीत. देखभालीचं सॉफ्टवेअर खरं कामाला येतं ते अशा ठिकाणी. त्यात प्रत्येक मोटर, ब्रेक, दरवाजा यांना स्वतंत्र क्रमांक असतो. ठरलेले दिवस किंवा किलोमीटर भरले की कामाचा आदेश आपोआप निघतो, आणि तोच दरवाजा पुन्हा पुन्हा अडत असेल तर जुन्या नोंदींतून ते लगेच दिसतं. स्टोअरमध्ये भाग संपत आल्याचंही वेळेत कळतं.

पण आदेश निघाला म्हणजे काम झालं असं नव्हे. १७ ऑक्टोबर २००० रोजी इंग्लंडमधल्या हॅटफिल्डजवळ रूळ तुटून गाडी घसरली, ४ प्रवासी दगावले. त्या रुळाला भेगा असल्याचं आधीच माहीत होतं. तो बदलायचं काम रखडलं होतं. म्हणून कारखान्यासाठी असं देखभालीचं सॉफ्टवेअर घेणाऱ्यांनीही रोज सकाळी थकीत कामांची यादी आधी उघडावी.