होडीची मोटर सुरू होईना, तर काय करावें?

वरळी कोळीवाड्याच्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेच्या सुमारास होड्या पुन्हां समुद्रांत लोटल्या जातात. पावसाळ्यांत पडून राहिलेल्या मोटरीचें बटण दाबावें, तों नुसता ‘टक्’ असा आवाज होऊन ती स्तब्ध राहावी, असा प्रसंग याच दिवसांत यावयाचा. शेतकरी वाचकांनीं हा विषय परका समजूं नये. चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर १९१२ सालीं कॅडिलॅक मोटारींत आला. आज होडी, ट्रॅक्टर व पॉवर टिलर यांचे स्टार्टर त्याच तत्त्वावर चालतात आणि त्यांचीं दुखणींहि सारखींच आहेत.

हिशेब जुळला नाहीं म्हणून कोणी वही फेकून देत नाहीं. चुकीची ओळ शोधतो. तसेंच कारण सांपडल्यावांचून नवी बॅटरी वा स्टार्टर विकत घेऊं नये, असें आम्ही आग्रहानें सांगतों.

प्रथम गिअर न्यूट्रलमध्यें आहे काय, तें पाहावें. नसेल तर पुष्कळ मोटरींचा स्टार्टर मुद्दामच फिरत नाहीं. मग बॅटरी पाहावी. १२ व्होल्टांची शिशाची बॅटरी पूर्ण भरून कांहीं तास स्वस्थ असतां सुमारें १२.६ व्होल्ट दाखविते. १२ च्या खालीं असल्यास आधीं चार्ज करावी. भरलेल्या बॅटरीचा दाब बटण दाबतांच ९.६ च्या खालीं गेला, तर बॅटरी थकली आहे किंवा स्टार्टर अडकला आहे.

दिवा लागतो, पण स्टार्टर फिरत नाहीं, हें कोडें अनेकांस पडतें. दिव्यास थोडा प्रवाह पुरतो. स्टार्टर शंभर अँपिअरच्या घरांत ओढतो. खाऱ्या हवेनें जोडावर गंज चढून शतांश ओहम अडथळा झाला, तरी तेथें एक व्होल्ट वाया जातो. म्हणून एकानें बटण दाबावें व दुसऱ्यानें बॅटरीचा खुंट आणि त्यावरील पकड यांमध्यें मीटर धरावा. अर्धा व्होल्ट दिसला तरी दोष तेथेंच आहे. ऋण तार आधीं सोडावी व शेवटीं जोडावी. खाण्याच्या सोड्याच्या पाण्यानें जोड घासावा, मात्र तें बॅटरीच्या आंत जाऊं देऊं नये. मग धुवून, सुकवून, घट्ट आवळून वर व्हॅसलिन लावावें.

एवढ्यावरहि नुसता ‘टक्’ होत असेल तर रिले व स्टार्टर तपासावे. आवाजच नसेल तर फ्यूज, बटण व न्यूट्रलची कळ. दहा सेकंदांहून अधिक बटण दाबून धरूं नये. पेट्रोलची वाफ कोंडली असतां ठिणगी घातक ठरते. पान्यानें टोकें जोडून पाहण्याचें धाडस करूं नये.

ही तपासणी किनाऱ्यावरच उरकावी आणि वल्हीं होडींत ठेवावींत. बंद पडलेली होडी खडकांकडे वाहूं लागली, कीं मीटर धरण्यास वेळ राहत नाहीं.