बारीक टायरचं भूत

"हायब्रिड पुरे झाली आता. पुढची घेणार ती २३ मिलिमीटरच्या टायरचीच. हवा १२० भरायची, मग बघा गाडी कशी पळते!" आकडे थोडे इकडेतिकडे होतात, पण हे वाक्य इतक्यांदा कानावर पडलंय की समोरचा "हायब्रिड" म्हणाला की उरलेलं मला पाठ असतं. बोलणारा बहुधा दोन-तीन वर्षं हायब्रिड सायकलवर ऑफिस गाठणारा, रविवारी पानशेत नाहीतर लोणावळ्याकडे रपेट मारणारा. सोबतचे रोड बाइकवाले बघता बघता वळणापार नाहीसे होतात, याची त्याला चरफड असते. चरफड रास्त आहे, पण निदान चुकलेलं आहे. आणि त्या निदानावर तो पन्नास-साठ हजार रुपये खर्च करायला निघालेला असतो, म्हणून हा खटाटोप.

टायर जितका बारीक आणि कडक तितका वेग जास्त, ही समजूत हवेतून आलेली नाही. कंपन्या टायरची चाचणी घेतात ती प्रयोगशाळेत, फिरत्या पोलादी ड्रमवर टायर दाबून. ड्रम गुळगुळीत असतो आणि टायरवर माणूस बसलेला नसतो. तिथे हवा वाढवत नेली की आकडे सुधारतच जातात. रबर दबतं, पुन्हा मूळ आकाराला येतं, आणि या दबण्या-उठण्यात थोडी ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते. टायर कडक असला तर तो कमी दबतो, कमी वाया जातं. इथपर्यंत सगळं बरोबर. गडबड त्यापुढे होते, कारण रस्ता म्हणजे ड्रम नव्हे आणि स्वार म्हणजे लोखंडी वजन नव्हे.

आधी रुंदीचं बघू. दोन टायरांत सारखीच हवा असेल तर जमिनीला टेकणाऱ्या भागाचं क्षेत्रफळ जवळपास सारखंच राहतं. आकार मात्र बदलतो: बारीक टायरचा ठसा लांबट, जाड टायरचा आखूड आणि रुंद. लांबट ठशात टायरची भिंत जास्त वाकते, म्हणजे त्याच दाबाला बारीक टायरच जास्त ऊर्जा खातो. श्वाल्बेसारखी टायर बनवणारी कंपनीसुद्धा ग्राहकांना हेच सांगते. यावर हमखास येणारं उत्तर, "पण जाड टायरमध्ये एवढी हवा कोण भरतं?" भरू नयेच. कमी हवेवर गुळगुळीत रस्त्यावर तो बारीक टायरच्या बरोबरीला येतो आणि खडबडीत रस्त्यावर पुढे जातो.

का, ते घाटातल्या वळणाआधी रंगवलेल्या पांढऱ्या रम्बलरवरून जाताना कळतं. १२० पीएसआय दाबाच्या टायरवर हँडल तडतडतं, दात वाजतात, पोटातलं पाणी हिंदकळतं. ती हालचाल फुकट होत नाही. प्रत्येक दणक्याला सायकल आणि स्वार थोडे वर उचलले जातात, मांस आणि स्नायू थरथरतात, आणि त्या थरथरीसाठी लागणारी ऊर्जा तुमच्याच पायांतून गेलेली असते. अमेरिकेतल्या 'बायसिकल क्वार्टर्ली'चे संपादक यान हाइने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हायवेच्या कडेच्या रम्बल स्ट्रिपवर सायकल चालवून, पेडलला लागणारी ताकद मोजून हा तोटा आकड्यांत दाखवला. ड्रमवर तो दिसणं शक्यच नव्हतं, कारण थरथरायला तिथे माणूसच नव्हता. गंमत अशी की हीच तडतड स्वाराला वेग वाटते. कडक टायर 'पळतो' असं जे वाटतं, ते बरंचसं हाताला जाणवणारं कंपन असतं. वेग घड्याळात बघायचा, मनगटात नव्हे.

त्रैमासिकावर विश्वास नसेल तर शर्यती बघा. शतकाच्या सुरुवातीला व्यावसायिक स्वार २३ मिलिमीटरवर धावायचे. मग २५ आले, मग २८, आता ३० सुद्धा नवलाचे राहिलेले नाहीत. पॅरिस–रूबे ही शर्यत सुमारे २६० किलोमीटरची, त्यातले ५५ हून अधिक किलोमीटर फरशीच्या दगडांचे. २०२४ साली माथ्यू व्हान डर पूलने ती ताशी ४७.८ किलोमीटर सरासरीने जिंकली, तोवरची सर्वांत वेगवान. त्या शर्यतीत हल्ली तिशीपार गेलेलेच टायर दिसतात. ज्यांची रोजीरोटी सेकंदांवर अवलंबून आहे त्यांनी बारीक टायर सोडले, आणि आम्ही मात्र वडगावच्या पेव्हर ब्लॉकवर २३ घालून फिरणार!

बारीक टायर कुठेच बरोबर नाही, असं मी म्हणत नाही. दिल्लीच्या इंदिरा गांधी क्रीडासंकुलातल्या लाकडी वेलोड्रोमवर बारीक, कडक टायर शोभतो. तसा रस्ता तुमच्या घरापासून ऑफिसपर्यंत असेल तर खुशाल घ्या.

आता पंक्चर. "बारीक टायरला काचा कमी लागतात" असंही कुणी ऐकवतं. पण पंक्चर काचेनेच होतं असं नाही. पंक्चरवाल्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवल्यावर बुडबुडे शेजारी शेजारी दोन ठिकाणांहून येताना दिसले, तर समजायचं की काच नाही, खिळा नाही. खड्ड्याच्या काठावर टायर रिमपर्यंत दबला आणि ट्यूब मध्ये चिमटली. सापाचे दोन दात लागावेत तशा दोन समांतर चिरा. बारीक टायरमध्ये दबायला जागाच नसते, म्हणून त्यात हवा ठासून भरावी लागते. हवा ठासली की दणका रिमला बसतो आणि आठवड्याभरात चाकाला आउट येतो. ३२च्या टायरला या दुष्टचक्रातून निदान बाहेर पडता येतं. साधारण सत्तर किलोच्या स्वाराला ट्यूबसकट २८च्या टायरमध्ये ७० ते ८०, ३२च्या टायरमध्ये ५५ ते ६५ पीएसआय हवा पुरते. टायरच्या भिंतीवर छापलेला मोठा आकडा ही कमाल मर्यादा असते, शिफारस नव्हे. दुकानातला पोरगा अंगठ्याने दाबून "दगड झाला" म्हणतो, तेव्हा बहुतेकदा थोडी हवा सोडून द्यायची वेळ झालेली असते.

मग ते रोड बाइकवाले पुढे जातात ते कशामुळे? वाऱ्यामुळे. सपाट रस्त्यावर ताशी ३० किलोमीटरला तुमच्या ताकदीचा तीन चतुर्थांशाहून जास्त वाटा हवा कापण्यात जातो, आणि त्या हवेसमोरचा सर्वांत मोठा अडथळा म्हणजे सायकल नव्हे, तुमचं धड. हायब्रिडवर माणूस दारासारखा उभा असतो. रोड बाइकच्या खाली वळलेल्या ड्रॉप हँडलवर तो वाकतो. बाकी सगळं सोडा, बसण्याची ढब आणि जरा बरे टायर एवढंच बदललं तर साधारण स्वाराला त्याच दमात ताशी तीन-चार किलोमीटर जास्त मिळतात, असं गणित येतं. हवेला लागणारी ताकद वेगाच्या घनाने वाढते, म्हणून २५ वरून ३० ला जायला त्या खात्यात जवळजवळ पाऊणपट जादा मोजावी लागते. हे सगळं मोकळ्या रस्त्याचं. सिग्नल ते सिग्नल जाणाऱ्याला नवी सायकल ऑफिसला दोन मिनिटंही लवकर पोचवणार नाही.

हायब्रिडचा टायर खरंच जड चालतो, हे मान्य. त्याचं कारण रुंदी नाही. त्याची भिंत जाड असते, आत पंक्चररोधक पट्टा असतो, कडेला पोलादी तार असते. हे सगळं वाकवायला ताकद जाते. बहुतेक हायब्रिडची रिम ७०० सी म्हणजे रोड बाइकच्याच व्यासाची असते. तेव्हा सायकल बदलण्याआधी चांगल्या, लवचिक भिंतीचे ३२चे टायर घालून महिनाभर चालवा. रिमची रुंदी त्याला चालते का, एवढं दुकानात विचारून घ्या. काही जणांचा नव्या सायकलचा ताप तिथेच उतरतो.

नाही उतरला, तर घ्या की! पण दुकानात पहिला प्रश्न विचारायचा तो "किती रुंद टायर बसतो?" हा. जुन्या पद्धतीच्या रिम ब्रेकच्या रोड बाइकमध्ये चिमटा आणि ब्रेकची कमान यांत २५, फार तर २८ मावतो. डिस्क ब्रेकच्या, लांब पल्ल्यासाठी बनवलेल्या बऱ्याच सायकलींत आज ३२ किंवा त्याहून जास्त मावतो. रंग, डिकल, गिअरवरचं नाव हे सगळं नंतर बदलता येतं. चिमट्यातली जागा बदलता येत नाही.

बाकीच्या समजुती थोडक्यात, कारण त्यांनी माझी झोप तितकी उडवलेली नाही.

जास्त गिअर म्हणजे जास्त वेग? नव्वदच्या लयीत पेडल मारलं तर ४८-११ (पुढे ४८ दाते, मागे ११) हा हायब्रिडचा वरचा गिअर ताशी जवळपास ५० किलोमीटर देतो. तो तुम्ही कधी पूर्ण वापरलाय? काळजी खालच्या गिअरची करा. बऱ्याच हायब्रिडमध्ये सर्वांत हलक्या गिअरला पुढे २८ दाते, मागे ३२ असतात. शर्यतीच्या सायकलीत पुढे ३६, मागे २८ आलं तर चढावरचा सर्वांत हलका गिअर एकदम जवळजवळ दीडपट जड होतो, आणि सिंहगडाच्या शेवटच्या चढात ते गुडघ्याला कळतं. पुढच्या लहान चेनव्हीलचे दाते मागच्या सर्वांत मोठ्या चकतीइतके किंवा कमी असतील, असं बघा.

दोन किलो कमी म्हणजे घाट सोपा? स्वार ७०, सायकल १२, एकूण ८२ किलो. त्यातले २ गेले की तासाभराच्या चढात जास्तीत जास्त दीड मिनिट वाचतं. शर्यतीतल्या सायकलींनाही आंतरराष्ट्रीय संघटनेने २००० सालापासून किमान ६.८ किलोचं बंधन घातलेलं आहे, तेव्हा ग्रॅम मोजायची स्पर्धा तिथेही एका मर्यादेपलीकडे चालत नाही.

ॲल्युमिनियम म्हणजे अंग ठेचणार? अंग ठेचतो तो १२० दाबाचा टायर.

ड्रॉप हँडलने पाठ जाते? चुकीच्या मापाने जाते. फ्रेमवर लिहिलेल्या ५४-५६ आकड्यापेक्षा स्टॅक (हँडलकडची उंची) आणि रीच (हँडलकडचा पल्ला) ही दोन मापं बघा. दोन कंपन्यांच्या '५४'मध्ये ती वेगळी असू शकतात.

पुढे सस्पेन्शन हवंच? हायब्रिडवरचं स्वस्त सस्पेन्शन वजन वाढवतं आणि उभं राहून पेडल मारताना खालीवर डुलतं. तेच काम जाड टायर फुकटात करतो.

बीआरएमला, म्हणजे ठरलेल्या वेळेत पुऱ्या करायच्या लांब पल्ल्याच्या रपेटीला, रोड बाइकच लागते? २०० किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे सरासरी ताशी पंधराच्या आत. पंक्चर आणि चहा धरूनही हायब्रिडला ते जमतं.

मऊ जेलचं सीट कव्हर घेतलं की लांब पल्ला सोपा? नाही. बैठकीची हाडं त्यात रुततात, आणि मऊ भाग नको त्या ठिकाणी दाबतो.

आणि जुनी हायब्रिड विकून नवीत भर घालावी? विकताना तिला जो भाव सांगतील तो ऐकून तुम्हीच ती ठेवून घ्याल. भाजी, पाऊस, स्टेशनवर लावून जायचं, या कामांना ती नव्या सायकलीपेक्षा बरी. नवीही पावसात बाहेर काढायची असेल तर फ्रेमला आणि चिमट्याला मडगार्ड बसवायची भोकं आहेत का, ते पैसे देण्याआधीच बघून ठेवा.