कोणत्या गाठीला किती धागे?

जाळ्यातल्या कोणत्या गाठीला किती धागे, हा प्रश्न १९५९ साली पॉल एर्डोश आणि आल्फ्रेड रेन्यी या हंगेरियन गणितज्ञांनी हाताळला, तो कागदावरच. कुठले दोन बिंदू जोडायचे हे त्यांनी चक्क नशिबावर सोडलं. अशा जाळ्यात बहुतेकांचे धागे सरासरीच्या आसपास राहतात. फार श्रीमंत कुणी नाही, फार दरिद्रीही नाही.

खरी जाळी इतकी समतावादी नव्हती. येल विद्यापीठातले विज्ञानाचे इतिहासकार डेरेक प्राइस यांनी १९६५ साली शोधनिबंधांतले संदर्भ मोजले. कोणतंही एक वर्ष घेतलं तर त्यात सुमारे ३५ टक्के निबंधांचा एकदाही उल्लेख होत नाही आणि ४९ टक्क्यांचा फक्त एकदा. बाकीची मिरवणूक मूठभरांची. १९७६ साली त्यांनी कारणही मांडलं : ज्याचा उल्लेख झाला आहे, त्याचाच पुढे अधिक होतो. पैशाकडे पैसा जातो, तसंच.

१९९९ साली अमेरिकेतल्या नोत्र दाम विद्यापीठात अल्बर्ट-लास्लो बाराबाशी आणि रेका आल्बर्ट यांनी वेबपानांचे दुवे तपासले. ८० टक्क्यांहून अधिक पानांना चारपेक्षा कमी दुवे होते, तर ०.०१ टक्क्याहूनही कमी पानांना हजारावर. नवं पान आधीच गजबजलेल्या पानाला जाऊन चिकटतं, हे त्यांचं स्पष्टीकरण. त्यांच्या त्या गाजलेल्या निबंधात प्राइस यांचा उल्लेखच नव्हता! उल्लेखांचा नियम सांगणाऱ्यालाच उल्लेख मिळू नये, ही गंमत मला अजून पुरती पचलेली नाही.

मग साथच आली. दोन्ही अक्षांवर लॉगरिथमी मोजपट्टी असलेल्या (लॉग-लॉग) आलेखावर जरा सरळ रेषा, म्हणजेच घातनियमाची खूण, दिसली, की जाळं ‘स्केल-फ्री’ ठरलं. कुरकुरही सुरू झाली. २००३ साली कोलकात्याच्या भौतिकशास्त्रज्ञांनी भारतीय रेल्वेची स्थानकं जोडून पाहिली. एकच गाडी ज्या दोन स्थानकांवर थांबते, ती जोडलेली. धाग्यांची वाटणी घातनियमाऐवजी चरघातांकी, म्हणजे मोठ्या आकड्यांकडे फार झपाट्याने घटणारी, निघाली. मला त्यात नवल वाटत नाही. वेबपानाला दुवे कितीही मिळोत, फलाट मात्र मोजकेच.

२०१९ साली अ‍ॅना ब्रॉइडो आणि अ‍ॅरॉन क्लॉझेट यांनी जवळपास हजार जाळी कसोशीने तपासली. घातनियमाचा भक्कम पुरावा त्यांतल्या अवघ्या ४ टक्क्यांत सापडला. कसोटीच अति कडक होती, अशी टीका झाली. विषमता मात्र कुणीच नाकारली नाही. भांडण उरलं आहे ते वक्राच्या नावाचं.