डाव्या पायाचा विसावा

मोटार हाकताना उजवा पाय सारखा राबतो. डावा मात्र क्लच दाबून झाला की बेकार! मग बेकार माणसासारखा तोही नको तिथे टेकतो. क्लचवरच पाय विसावला की बेअरिंग नि क्लचप्लेट फुकट झिजतात. गुडघा अवघडतो तो निराळाच.

आमची मोटार सौ. चालवते. राहात्याहून शिर्डी, सिन्नर करीत नाशिकला जाऊन आली की रात्री तिचा गुडघा शेकावा लागे. अखेर वीतभर जाड पत्रा वाकवून आणला, वर रबर चिकटवले. क्लचच्या डावीकडची जागा ठरवली ती तिलाच आसनावर बसवून: टाच खाली टेकलेली, गुडघा किंचित वाकलेला. क्लच तळापर्यंत दाबला तरी चपलेला पत्रा लागता कामा नये, ही खरी कसोटी! ऐनवेळी पाय अडकला, तर विसावा जिवावर बेतायचा.

भोके पाडण्यापूर्वी गालिचा उचलून वरच्या तारा आणि खालच्या नळ्या पाहून घ्याव्यात. भोकांच्या कडांना गंजरोधक रंग द्यावा, बोल्टखाली रबरी वॉशर घालावेत, नि महिन्याभराने बोल्ट पुन्हा आवळावेत.

खर्च म्हणाल, तर राहात्याच्या पाटीभर पेरूंएवढा!